एमी जॉन्सन झाशीला उतरली होती (मे १९३०), तिचं विमान कोणी कोणी दुरुस्त केलं त्याबद्दल

लष्करची_आत्या:
ग्वाल्हेरहून झाशी म्हणजे आपल्या घरचंच अंगण, लग्नं-मुंजी, ओरछ्याची सहल, नाहीतर पुढची गाडी पकडायला आपण सारखे जात असतो, पण त्या गावात घडलेली एक गोष्ट आपल्या मराठी मंडळींत कधी कोणाच्या तोंडून ऐकली नाही, म्हणून हा धागा काढतेय.

११ मे १९३० ची गोष्ट. झाशीच्या छावणीत परेड ग्राउंडवर एकदम एक छोटं दोन पंखी विमान उतरलं. आत एकटी मुलगी, वय २६. एमी जॉन्सन तिचं नाव, इंग्लंडमधल्या हल गावच्या मासळीच्या व्यापाऱ्याची लेक. ५ मे ला लंडनजवळच्या क्रॉयडनहून निघाली होती, एकटीच ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणून. तिच्या आधी बर्ट हिंकलर हा १९२८ मध्ये साडेपंधरा दिवसांत एकटा गेला होता, तो विक्रम तिला मोडायचा होता, आणि कराचीला ती सहा दिवसांत पोचली तेव्हा ती त्याच्या दोन दिवस पुढे होती. त्या दिवशी कराचीहून थेट अलाहाबाद गाठायचं ठरलं होतं. समोरून वारा, पेट्रोल संपत आलेलं, अलाहाबाद अजून कितीतरी लांब. मग खाली जी मोकळी सपाट जागा दिसली तिथे उतरली, ती आपली झाशी.

त्या विमानाला ब्रेक नव्हते हे लक्षात घ्या. जमिनीवर टेकलं तरी आपोआप वेग कमी होईपर्यंत पळतच राहणार. शिपाई बाजूला पळाले आणि विमान जाऊन बराकींच्या मधे अडकलं, पंख मोडला. आता तुम्ही विचार करा, मे महिना, बुंदेलखंड, जवळपास विमानाचा कारखाना नाही आणि स्पेअर पार्ट मागवायचा तर कराचीहून. पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२ तारखेला ती कलकत्त्याला पोचली पण! कारण रातोरात एका सुताराने तो पंख नीट करून दिला.

मला तिच्याइतकंच त्या सुताराबद्दल वाटतं, खरं सांगते. आपल्या इकडे हिची गोष्ट कोणी ऐकली आहे का, झाशीत कोणाच्या घरी जुन्या लोकांच्या बोलण्यात आली आहे का? आणि अशा अचानक गावात उतरलेल्या वैमानिकांच्या गोष्टी कोणाला माहीत असतील तर इथे लिहा.

मुरारची_सून:
आत्या किती छान विषय काढलात. मला एक कळत नाही, विमानाचा पंख सुतार कसा दुरुस्त करेल? पत्र्याचा नसतो का?

रंधा_पटाशी:
ताई, तेव्हाच्या त्या जातीच्या विमानात पत्रा अगदी थोडा. एमीचं विमान जिप्सी मॉथ जातीचं, म्हणजे लाकूड आणि कापड. माझा धंदा फर्निचरचा आहे पण या जुन्या विमानांचं वेड आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पंखात आडवे दोन मुख्य वासे असतात, लांबीभर जाणारे, स्प्रूस लाकडाचे, हलकं आणि सरळ रेषांचं लाकूड. त्या वाशांवर थोड्या थोड्या अंतराने पातळ फळ्यांच्या बरगड्या बसवलेल्या, त्यांनीच पंखाला तो वरून फुगीर आकार येतो. या सांगाड्यावर लिननचं कापड ताणून दोऱ्याने बरगड्यांना शिवायचं आणि वरून डोप नावाचं द्रावण ब्रशने लावायचं, थरावर थर. डोप वाळला की कापड आकसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं, वारा आत शिरत नाही. मग अशा पंखाची बरगडी मोडली, टोक फुटलं तर ज्याला सांधा घालता येतो, रंधा मारून नेमकी जाडी आणता येते असा चांगला सुतार ते करू शकतो. मुख्य वासा मधूनच मोडला तर गोष्ट वेगळी, तिथे चुकीचा सांधा म्हणजे हवेत पंख गळून पडणार. म्हणून त्या सुताराची छाती मानायला पाहिजे, आणि एमीची पण, की रात्री कंदिलाच्या उजेडात केलेल्या कामावर सकाळी तिने जीव टाकला.

आणि ती काही नुसती बघत बसली असेल असं नाही. १९२९ मध्येच तिने ग्राउंड इंजिनीअरचं लायसन घेतलं होतं, ब्रिटनमध्ये ते मिळवणारी पहिली बाई. म्हणजे मेकॅनिकचं काम तिला स्वतःला येत होतं. रोज संध्याकाळी उतरल्यावर इंजिन स्वतः तपासायची, पेट्रोल शॅमॉयच्या चामड्यातून गाळून टाकीत भरायची. सुतार काय करतोय हे तिला कळत होतं, आणि ज्याचं काम आपल्याला कळतं त्याच्यावर विश्वास टाकणं सोपं जातं.

सिपरी_बाजार:
मी झाशीचाच, नोकरी रेल्वेत गेली. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लू चालते तेव्हा माणूस घराबाहेर पडत नाही, पन्हं पिऊन ओलं फडकं डोक्याला बांधून पडून राहतो. आणि ही बाई उघड्या कॉकपिटमध्ये! वरून ऊन, समोरून तापलेला वारा, इंजिनाची धग. आणि जमीन तापली की वरची हवा उसळते, छोटं विमान त्यात नुसतं वर-खाली होतं.

तेव्हा वैमानिकांना रेल्वेलाईन हा मोठा आधार असायचा हेही सांगतो. रेडिओ तिच्याकडे नव्हता. नकाशा मांडीवर आणि खाली रूळ दिसले की धीर यायचा. दिल्ली-मुंबईची लाईन आग्रा, ग्वाल्हेर, झाशी अशी खाली येते, झाशी तेव्हाही मोठं जंक्शन, वर्कशॉप, यार्ड, किल्ला टेकडीवर. वरून बघणाऱ्याला हे गाव चुकणार नाही असंच आहे.

दांडियाबाजार:
आत्या, माफ करा पण थोडा वेगळा सूर लावतो. तारखा बघा. ती ५ मे १९३० ला क्रॉयडनहून निघाली. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, गांधीजींना आमच्या गुजरातेत कराडीला पकडून नेलं. मिठाचा सत्याग्रह ऐन भरात. ती कलकत्त्याला पोचली १२ तारखेला, त्या दिवशी सोलापुरात मार्शल लॉ लागला. २१ ला धारासण्याच्या मिठागरावर लाठ्या पडत होत्या आणि ही तेव्हा जावा-तिमोरकडे. म्हणजे सगळ्या जगाचे पेपर एका गोऱ्या मुलीच्या धाडसाने भरले होते आणि इकडे आपल्या माणसांची डोकी फुटत होती. झाशीचं परेड ग्राउंड म्हणजे तरी काय, ज्या गावात राणीचं राज्य बुडवलं त्याच गावातली गोऱ्यांची छावणी. मला तिच्याबद्दल राग नाही, पण कौतुक करताना हे आठवायला हवं असं मनापासून वाटतं.

लष्करची_आत्या:
दांडियाबाजार दादा, माफी कसली, हे लिहिलंत ते बरंच केलंत. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की अंगावर येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की म्हणूनच मला तो सुतार महत्त्वाचा वाटतो. साम्राज्याच्या पेपरात फोटो तिचा, बक्षीस तिला (डेली मेलने दहा हजार पौंड दिले), पदवी तिला. आणि विमान ज्यांच्या हातांनी पुढे सरकलं ते सगळे आपल्यासारखे, ज्यांच्यावर राज्य चाललं होतं ते. ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला पाहिजे, नाहीतर आपणही तिचंच नाव घेत बसणार.

आणि झाशीवर थांबत नाही ते. पुढचं ऐका.

१३ मे ला रंगूनला पोचायचं होतं, तिथे रेसकोर्सवर उतरायचं ठरलेलं. पण धो धो पाऊस, काही दिसेना, आणि ती चुकून रंगूनच्या बाहेर इन्सेनला एका इंजिनीअरिंग शाळेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि मैदानाच्या कडेच्या चरात विमान गेलं. प्रोपेलर मोडला, चाकाखालचा भाग गेला, पंख फाटला. प्रोपेलर एक जादा तिने विमानाच्या अंगालाच बांधून आणला होता म्हणून वाचली. बाकी सगळं त्या शाळेतल्या शिक्षकांनी आणि मुलांनी केलं. कापड कुठून आणायचं? तर पहिल्या महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड, ज्याचे तिथे कोणी शर्ट शिवले होते, ते शर्ट उसवून त्याचे तुकडे पंखावर लावले! मला हे वाचून इतकं भरून आलं. यात तिचे दोन दिवस गेले आणि हिंकलरचा विक्रम हातचा गेला, पण विमान उडालं.

मग सिंगापूर, आणि तिथून जावा. तिथे परत पेट्रोलचा प्रश्न आला आणि ती चोमाल नावाच्या ठिकाणी साखर कारखान्याच्या मळ्यात उतरली. जमिनीत बांबूचे खुंट ठोकलेले होते, त्यांनी पंखाचं कापड भोसकलं. भोकांवर काय लावलं तर जखमेवर लावायची चिकटपट्टी. तशीच उडाली पुढे.

आणि मग तिमोर. अटांबुआचं विमान उतरवायचं मैदान सापडेना, अंधार पडायला लागला, म्हणून हालिलुलिक नावाच्या एका खेड्याजवळ वारुळांनी भरलेल्या माळावर उतरली. गावातली माणसं धावत आली, हातात सुरे, तोंडं लालभडक. ती घाबरली. आता आपल्याला कोणाला सांगायला नको की तोंड लाल कशाने होतं, विडा खाल्लेली माणसं होती ती! तिला काय कल्पना. त्या माणसांनी तिला काही केलं नाही, रात्री गावात आसरा दिला. तिकडे तार नाही, टेलिफोन नाही, त्यामुळे इकडे सगळ्या जगात ती हरवली, बुडाली म्हणून बोंब, आणि ही त्या खेड्यात झोपलेली. दुसऱ्या दिवशी अटांबुआ, आणि २४ मे ला डार्विन. साडेएकोणीस दिवस.

झाशीचा सुतार, इन्सेनची मुलं, जावाचे मळेवाले, तिमोरचं खेडं, हे चार धागे काढले तर ती डार्विनला पोचतच नाही.

मुरारची_सून:
बाप रे. विडा खाल्लेली तोंडं बघून घाबरली हे वाचून मला तिचं वाईटच वाटलं, एकटी, भाषा येत नाही, अंधार, समोर अनोळखी माणसं. मी तर स्टेशनवर रात्री एकटी उतरले तरी जीव मुठीत धरून असते.

बीजासन_टेकडी:
इंदूरहून लिहितोय. आत्या, तुमच्या या धाग्यात अमेरिकन वैमानिक अमेलिया इयरहार्टची गोष्ट आलीच पाहिजे, कारण ती तर अगदी खेड्यातच उतरली.

२० मे १९३२, कॅनडाच्या बाजूचं न्यूफाउंडलंड, तिथल्या हार्बर ग्रेसहून संध्याकाळी लाल रंगाचं लॉकहीड व्हेगा घेऊन एकटी निघाली. लिंडबर्ग एकटा उत्तर अटलांटिक ओलांडून गेला त्याला बरोबर पाच वर्षं होत होती, त्याच्यानंतर एकट्याने ते कोणालाच जमलं नव्हतं. तिला पॅरिसला जायचं होतं. वाटेत उंची दाखवणारं यंत्र बंद पडलं, एक्झॉस्टचा जोड फुटून ज्वाळा दिसायला लागल्या, पंखांवर बर्फ साचला आणि विमान गिरक्या घेत समुद्राच्या लाटांजवळ गेलं, तिथून तिने सावरलं. पेट्रोलचं मीटर गळत होतं ते वेगळंच. पॅरिस सोडून दिलं, किनारा दिसला तो आयर्लंडचा, रूळ दिसले म्हणून रुळांच्या कडेने गेली की कुठेतरी शहर आणि विमानतळ मिळेल (सिपरी बाजार काका म्हणतात ते अगदी खरं), पण विमानतळ काही मिळाला नाही, मग डेरीजवळ कल्मोर इथे गॅलाघर कुटुंबाच्या गायरानात उतरली. साधारण १५ तासांचा प्रवास. आसपासच्या गाई बुजल्या असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय.

आणि तिथे शेतावर काम करणारा डॅन मॅकॅलिऑन तिच्याकडे आला आणि विचारलं, फार लांबून आलात का? ती म्हणाली, अमेरिकेहून.

मला या प्रश्नात जे आपलेपण वाटतं ना, आपल्या माळव्यात पण कोणी दारात आला की पहिला प्रश्न हाच. कोण, का, कशाला, हे नंतर. तिला टेलिफोन करायला गावात नेलं, नवऱ्याला फोन करून ती परत गॅलाघरांच्याच घरी झोपायला आली.

रंधा_पटाशी:
बीजासन भाऊ, तिचीच चार वर्षं आधीची गोष्ट पण टाका, वेल्सची. १९२८ मध्ये ती वैमानिक म्हणून नाही तर प्रवासी म्हणून अटलांटिकपार आली, विमान चालवणारे स्टल्ट्झ आणि गॉर्डन, पाण्यावर उतरणारं विमान होतं, फ्रेंडशिप. साउदॅम्प्टनला जायचं ते बरी पोर्ट नावाच्या छोट्या बंदरात पाण्यावर उतरलं. किनाऱ्यावर तीन माणसं रेल्वेच्या रुळाचं काम करत होती. त्यांनी एकदा बघितलं आणि परत कामाला लागली! हिने दारातून टॉवेल हलवला तर एकाने अंगातला कोट काढून हलवला आणि परत काम सुरू. शेवटी बऱ्याच वेळाने होड्या आल्या. आता तिथे बरी पोर्ट आणि शेजारचं पूल गाव, दोघंही म्हणतात की ती आमच्याकडेच उतरली.

दांडियाबाजार:
१९१९ चे अल्कॉक आणि ब्राऊन पण. अटलांटिक न थांबता ओलांडणारे पहिले. आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळ हिरवंगार कुरण समजून उतरले ती निघाली दलदल, विमान नाकावर उभं राहिलं. जवळच्या मार्कोनी तारायंत्र केंद्रातली माणसं हात हलवून सांगत होती की इथे उतरू नका, यांना वाटलं स्वागत चाललंय म्हणून यांनी पण हात हलवले. दोघं सुखरूप.

आणि विमानं आणि बैलगाडी यांची भेट आपल्याकडे पण झालीय. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा टपाल घेऊन कराचीहून मुंबईला स्वतः विमान चालवत आले, वाटेत अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते.

सिपरी_बाजार:
आणि ग्वाल्हेरला नियमित विमान यायला लागलं ते १९३७ च्या शेवटी, टाटांचीच मुंबई-दिल्ली सेवा, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर करत. म्हणजे एमी आली तेव्हा या सगळ्या पट्ट्यात विमान रोज दिसायची वस्तूच नव्हती.

पिछोरचा_पोऱ्या:
मी शिवपुरी जिल्ह्यातल्या खेड्यातला, आता ग्वाल्हेरला असतो. वैमानिक वगैरे नाही पण आमच्या गावात इलेक्शनला हेलिकॉप्टर आलं होतं ते सांगतो. आदल्या दिवशी काढलेल्या हरभऱ्याच्या शेतात चुन्याने गोल आणि मधे मोठं अक्षर काढलं, धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं, तरी जेव्हा ते खाली आलं तेव्हा शेजारच्या खळ्यातला भुसा उडून अख्ख्या गावाच्या डोळ्यात. भाषण कोणी ऐकलं नाही. सगळे पायलटभोवती. आमच्या काकूने त्याला लोटाभर ताक नेऊन दिलं आणि तो उभ्या उभ्या प्यायला, मला अजून त्याच्या मिशीला लागलेलं ताक दिसतं. पुढारी कोण होता ते गावात कोणी सांगत नाही, पायलट ताक प्यायला हे सगळे सांगतात.

मुरारची_सून:
@पिछोरचा_पोऱ्या, हे फार आवडलं.

बीजासन_टेकडी:
गागारिन राहिला. १२ एप्रिल १९६१, पृथ्वीला एक फेरी मारून परत येताना साधारण सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने व्होल्गाकाठी एंगेल्स शहराजवळ स्मेलोव्का गावच्या शेतात उतरला. नारिंगी सूट, पांढरं हेल्मेट. समोर आन्ना ताख्तारोवा नावाची बाई आणि तिची छोटी नात, बटाटे लावत होत्या. दोघी घाबरून मागे सरायला लागल्या तेव्हा त्याने ओरडून सांगितलं की मी आपलाच आहे, सोव्हिएतच आहे, आणि मला मॉस्कोला फोन करायचाय. सगळ्या जगात पहिला अंतराळवीर, आणि त्याला पहिली भेटली ती शेतात काम करणारी आजी.

लष्करची_आत्या:
सगळ्यांचं वाचून काढलं. एक गोष्ट माझ्या मनात बसली ती लिहिते. आन्ना ताख्तारोवाचं नाव टिकलं. डॅन मॅकॅलिऑनचं नाव टिकलं, ज्याने फक्त एक प्रश्न विचारला होता त्याचं सुद्धा. पण मी जिथे जिथे एमी जॉन्सनबद्दल वाचलं तिथे झाशीचा माणूस नुसता "सुतार" आहे. त्याने तर पंख जोडून दिला! शिपाई, अधिकारी, बराकी सगळं येतं, त्याचं नाव नाही. दांडियाबाजार दादांचा मुद्दा मला इथे सगळ्यात जास्त पटतो. इंग्रजांच्या लेखी तो कारागीर होता, नाव विचारावं असा माणूस नव्हता. हे मला सहन होत नाही, अगदी सरळ सांगते.

सिपरी बाजार काका, तुम्ही झाशीत आहात, सुतारकाम करणारी जुनी घराणी, छावणीत काम घेणारे, यांच्याकडे विचारता येईल का? शंभर वर्षं व्हायला आलीत, पण घरात गोष्टी राहतात. "आमच्या आज्याने विमान दुरुस्त केलं" असं एखाद्या घरात सांगत असतील आणि बाकीचे थापा म्हणून हसत असतील.

सिपरी_बाजार:
विचारतो. माझ्या ओळखीत दोन-तीन घरं आहेत, पिढ्यान्पिढ्या लाकडाचं काम. वर्कशॉपमध्ये पण जुनी माणसं भेटतात पेन्शनच्या कामाला. काही कळलं तर इथेच लिहीन, आणि नाव घरच्यांना विचारूनच लिहीन.

रंधा_पटाशी:
काका, विचारताना एक गोष्ट जरूर विचारा, घरात स्प्रूसचा किंवा परदेशी हलक्या लाकडाचा तुकडा, जुना बोल्ट, कापडाचा तुकडा असं काही जपून ठेवलंय का. कारागीर माणूस वेगळ्या कामाची खूण ठेवतोच, माझ्याकडे पण आहेत.

मुरारची_सून:
ते विमान अजून आहे का कुठे? आमचा मुलगा लंडनला आहे, आम्ही जाणार आहोत दिवाळीनंतर.

रंधा_पटाशी:
आहे ना ताई. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये छताला टांगलंय, हिरवं, जेसन नाव लिहिलेलं, जी-एएएएच नंबर. नाव तिच्या वडिलांच्या मासळीच्या धंद्याच्या ट्रेडमार्कवरून. एमी स्वतः मात्र १९४१ च्या जानेवारीत युद्धात विमानं पोचवायच्या कामावर असताना थेम्सच्या मुखाशी वारली, वय ३७. तुम्ही गेलात तर खालून दोन्ही पंखांचे फोटो घ्या, कडा आणि टोकं जवळून, मला बघायचेत. नंतर बरीच कामं झाली असतील त्यावर, तरी बघायचेत.

मुरारची_सून:
घेते. मुलाला आत्ताच मेसेज टाकला.